काळी चार

"सावकाश! खालून धरा शौकतभाई, खालून. डग्गा नाहीये तो."

"डग्गा असता तर एका हातात नेला असता की," शौकतभाई धापा टाकत म्हणाले. "काय भरलंयस काय ह्यात?"

आमची सुमो सूत गिरणीच्या फाटकात उभी होती. दुपारचे अडीच वाजले होते. चारला गिरणीच्या रौप्यमहोत्सवाचा गाण्यांचा कार्यक्रम होता, आणि मी टपावरून माझा नवा डिजिटल पियानो उतरवून घेत होतो. त्या पियानोची ती पहिलीच सफर होती.

"साडेअकरा किलो फक्त," मी म्हणालो. "सेल घातले असते तर साडेबारा झाला असता. आठ मोठे सेल लागतात. काढून ठेवलेत घरी, उगाच कशाला ओझं."

आमच्या गायिका प्रमिलाताई पुढच्या सीटवरून उतरल्या, पदर सावरला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. बासष्ट वर्षांच्या होत्या, पण कार्यक्रमाच्या दिवशी पन्नाशीच्या दिसायच्या.

"दिगू, बायकोला कधी एवढं जपलंस का रे?"

"बायको स्वतः चालते, ताई."

"सांगते तिला," त्या म्हणाल्या आणि हसत आत गेल्या.

या पियानोसाठी मी सहा वर्षं थांबलो होतो. माझी बोटं मिरजेच्या मिशनच्या शाळेतल्या पियानोवर तयार झाली. त्या पियानोच्या कीज जड होत्या. बोट खाली नेताना आत काहीतरी उचललं जातंय हे कळायचं. हळू दाबलं तर स्वर हळू, जोरात दाबलं तर खणखणीत. पुढं पोटासाठी ऑर्केस्ट्रात शिरलो आणि हातात आला प्लास्टिकचा हलका कीबोर्ड. त्याच्यावर प्रेमानं बोट ठेवा नाहीतर रागानं, त्याला फरक पडायचा नाही. आम्ही वाजवणारे चहाच्या टपरीवर जमलो की विषय एकच असायचा. कीज पियानोसारख्या जड हव्यात, पण पेटी एकट्याला जिन्यावरून नेता आली पाहिजे. दोन्ही एकत्र मिळायचं नाही. एकदा हौसेनं सव्वीस किलोचा घेतला, तर चौथ्याच कार्यक्रमाला कंबर धरली आणि पियानो एका क्लासवाल्याला विकून टाकावा लागला. म्हणून या साडेअकरा किलोच्या पेटीवर माझा जीव होता.

एकच गोष्ट मला खटकत होती. त्याला स्क्रीन नव्हती. नुसते तीन बारके दिवे होते.

स्क्रीन का हवी होती हे सांगायचं तर माझं पाप सांगावं लागेल. प्रमिलाताई हावळ म्हणजे काळी चार, हे आमच्या भागात पोराटोरांनाही माहीत होतं. पेटीवरची चौथी काळी की, तिथं सा धरून त्या तीस वर्षं गात होत्या. साठीच्या बाईमाणसाला ही पट्टी उंच. ताईंचा वरचा सा तिथून असा सुटायचा की मागच्या रांगेतला माणूस खुर्चीत नीट बसायचा. एका स्थानिक पेपरनं त्यांची मुलाखत छापली होती, तिचा मथळाच होता, 'साठीतही काळी चार'. ते कात्रण त्यांनी दिवाणखान्यात फ्रेम करून लावलं होतं.

आणि ते खोटं होतं. गेली पाच वर्षं ताई काळी चारमध्ये गात नव्हत्या.

कीबोर्डला एक सोय असते. बटण दाबलं की बोटं तिथंच राहतात आणि स्वर खाली किंवा वर सरकतो. ताईंना दिसायचे माझे हात काळी चारवर, आणि ऐकू यायची आधी पांढरी पाच, मग काळी तीन, आणि शेवटी पांढरी चार. पाच वर्षांत एकेक करत मी त्यांना तीन पट्ट्या खाली आणलं होतं. घरच्या तंबोऱ्याच्या तारा उतरल्या की लावायला त्या मलाच बोलवायच्या. तोही मी खालीच लावून ठेवायचो. शौकतभाईंना तबला मिळवून घ्यावा लागायचा म्हणून त्यांना सांगणं भाग होतं. ते एवढंच म्हणाले होते, "तुझं तू बघ बाबा. मी तबला लावणार, तोंड नाही लावणार."

सुरुवात निपाणीच्या कार्यक्रमात झाली होती. ताई टायफॉइडमधून उठल्या होत्या आणि आवाज बसला होता. त्यांचं मन मोडू नये म्हणून मी गुपचूप बटण दाबलं. त्या दिवशी त्या अशा गायल्या की लोक उभे राहिले. उतरताना मला म्हणाल्या, "बघ, आला की नाही आवाज परत?" त्यानंतर सांगायचं तरी कसं? मी स्वतःला हेच सांगत आलो होतो आणि त्यात मी चांगला माणूस ठरत होतो.

पण त्या दिवशी सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. नवा पियानो, नवं बटण. एक बटण दाबून धरायचं, दुसऱ्या हातानं डावीकडच्या टोकाची एक की तीनदा दाबायची, की तीन पट्ट्या उतरणार. उतरल्या की नाही, ते दिसायची सोय नाही. मी लावलं, कानानं तपासलं. चहा प्यायलो, पुन्हा तपासलं. शौकतभाईंनी हातोडीनं तबला मिळवला, पुन्हा जुळवून पाहिलं. जुळत होतं. तरी मी स्टेजवर येरझाऱ्या घालत राहिलो.

"बस की जरा," शौकतभाई म्हणाले. "लग्न तुझं आहे का?"

चारला तीन मिनिटं कमी असताना वीज गेली. सभागृहातून 'ओऽऽ' असा आवाज उठला. लगेच बाहेर जनरेटर धडधडला आणि दिवे आले. पियानोचा हिरवा दिवा लागलेला बघून मला हायसं वाटलं. वीज आली, पियानो चालू झाला, संपलं. एवढाच विचार मी केला. माझा जुना कीबोर्ड बंद पडला तरी सगळं लक्षात ठेवायचा. हा नवा तसा नव्हता. तो बंद होऊन चालू झाला की कोरा व्हायचा. माहितीपुस्तकात ते लिहिलं होतं, मी वाचलंही होतं. सेल आत असते तर तो बंदच पडला नसता. ते आठ सेल माझ्या घरी कपाटात होते.

पडदा वर गेला. मी सूर दिला. ताईंनी डोळे मिटून आलापी घेतली, आणि मला वाटलं, आज आवाज जरा ताणलेला आहे. मग शौकतभाईंची पहिली थाप पडली आणि मला कळलं. तबला पांढरी चारमध्ये, पियानो काळी चारमध्ये. शौकतभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली. शहाणा माणूस, त्यांनी तबल्यावरचा हात काढून सगळा ठेका डग्ग्यावर ओढला.

गाणं चालू असताना बटणाला हात लावता येत नव्हता. ताईंच्या पायाखालून जमीन काढून घेतल्यासारखं झालं असतं. मुखडा त्यांनी निभावला. अंतरा चढायला लागला तशा त्यांच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. मी बसल्या जागी विनवत होतो, वरचा सा सोडा ताई, आज तेवढा सोडा. पण तो सोडतील तर त्या प्रमिलाताई कसल्या? त्या गेल्या, आणि आवाज फाटला. चिरकला म्हटलं तरी चालेल. पाचशे माणसांत एक खोकलासुद्धा आला नाही.

त्यांनी मुखडा म्हणून गाणं पुरं केलं, माईक स्टँडला लावला आणि निवेदकाला म्हणाल्या, "पाच मिनिटं." आणि आत गेल्या. निवेदक हुशार होता. त्यानं जुन्या कामगारांचे सत्कार आधी उरकायला घेतले. नारळ, शाल आणि अकरा नावं होती.

मी काय केलं? आधी धावत ताईंकडे गेलो नाही. बटण दाबून धरलं, डावीकडची की तीनदा दाबली, हेडफोन लावून स्वर तपासला, आणि मग मेकअपच्या खोलीकडे गेलो.

दार उघडं होतं. ताई आरशाकडे पाठ करून उभ्या होत्या आणि शौकतभाईंवर आग पाखडत होत्या.

"चाळीस वर्षं वाजवताय ना? तबला कुठं लावला होता? कान आहेत का नाहीत? माझा सूर हलला तो त्या तबल्यानं हलला!"

शौकतभाई खाली मान घालून उभे होते. मिरजेच्या वाद्यं घडवणाऱ्या घराण्यातला माणूस. तबला चुकीचा लागला असं त्यांना कुणी आयुष्यात म्हटलं नव्हतं. त्यांनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे एकदा पाहिलं.

"चुकलं, ताई," ते म्हणाले.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. 

ताई खुर्चीत बसल्या. राग गेला आणि त्यांचा चेहरा एकदम बासष्ट वर्षांचा झाला. "नाही, शौकतभाई. तुमच्यावर कशाला ढकलू? ठेका डग्ग्यावर गेला तरी सा लागला नाहीच. गळा गेला माझा." त्यांनी केसातला गजरा काढला आणि टेबलावर ठेवला. "दिगू, निवेदकाला सांग. तब्येत बिघडली म्हण. ज्यांच्या पुढच्या तारखा घेतल्यात त्यांनाही कळवून टाक. हे शेवटचं."

"ताई, असं काय? एक गाणं बिघडलं. चला, दुसरं गाऊ. बघा तुम्ही, लागेल आवाज."

"कशावरून?"

"मला खात्री आहे."

"तुला खात्री आहे," त्या थकल्या आवाजात म्हणाल्या. "माझा गळा, आणि खात्री तुला. नको रे. आत्ता फाटला तो लोकांनी एकदा ऐकला. दुसऱ्यांदा फाटला तर तेच लक्षात ठेवतील. तीस वर्षांचं कोण लक्षात ठेवतंय?"

बाहेर टाळ्या वाजल्या. सहावा की सातवा सत्कार झाला होता. मी खिडकीशी गेलो, परत आलो. पियानो बाहेर तयार होता. त्यांना कसंबसं स्टेजवर नेलं तर आवाज लागणार होता, नेहमीसारखा लागणार होता, आणि कुणाला काही कळणार नव्हतं. फक्त त्या उठत नव्हत्या. त्या उठाव्यात म्हणून माझ्यापाशी एकच वाक्य होतं.

"ताई, गळा गेला नाही. तुम्ही पाच वर्षं काळी चारमध्ये गातच नाही आहात."

त्यांनी वर पाहिलं. मी सगळं सांगितलं. बटण, तीन पट्ट्या, तंबोरा, वीज, सेल. बोलताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो, टेबलावरच्या गजऱ्याकडे बघत होतो.

"कितीवर आणलंस?"

"पांढरी चार."

"पांढरी चार," त्या म्हणाल्या. मग शौकतभाईंकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"तबला लावावा लागतो, ताई."

त्या उठल्या, शौकतभाईंसमोर गेल्या आणि हात जोडले. "मघाशी बोलले ते माफ करा. तुमचा तबला बरोबर होता."

शौकतभाईंचे डोळे भरले. "असू दे, ताई. असू दे की."

मग माझी पाळी आली. मला वाटलं होतं ओरडतील. त्या अगदी हळू बोलल्या, आणि ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"का केलंस?"

"निपाणीला तुमचा आवाज बसला होता. तुमचं मन मोडू नये म्हणून."

"माझं मन." त्यांनी खुर्चीची पाठ धरली. "निपाणीला कार्यक्रमाच्या आधी मी तुला काय म्हणाले होते, आठवतं?"

"नाही."

"आठव."

"आठवत नाही, ताई."

"मी म्हणाले होते, दिगू, आजारातून उठलेय, एक पट्टी खाली घेऊ या. पांढरी पाचमधून गाते. मी विचारलं होतं तुला. आणि तू काय म्हणालास?"

हे मी विसरलो होतो असं म्हणणं खोटं ठरेल. मी ते आठवायचं नाही असं ठरवलं होतं, आणि पाच वर्षं ते मला जमलं होतं.

"गरज नाही म्हणालो."

"गरज नाही, ताई, तुमचा आवाज मस्त आहे. असं म्हणालास. का म्हणालास?"

 शौकतभाई दुसरीकडे बघायला लागले. त्यांना हे आधीपासून माहीत असावं असं मला आज वाटतं.

मी ताईंकडे कामाला लागलो तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती. "बटण दाबून पट्टी बदलणारा मला नको. हातानं वाजवणारा हवा." मी छातीठोकपणे सांगितलं होतं, मी मिशनच्या पियानोवर शिकलोय, कुठल्याही पट्टीत वाजवतो. ते खोटं होतं. ऑर्केस्ट्रात वीस वर्षं सगळं एकाच पट्टीतून वाजवलं आणि बाकीचं काम बटणानं केलं. ताईंची गाणी मी महिनाभर घरी बसून काळी चारमध्ये घोटली, आणि माझ्या बोटांना तेवढंच येत होतं. निपाणीला त्यांनी पट्टी उतरवायची म्हटल्यावर मला घाम फुटला तो त्यांच्या गळ्यासाठी नव्हता.

"कारण मला येत नव्हतं," मी म्हणालो. "पांढरी पाचमध्ये वाजवता येत नव्हतं. अजूनही येत नाही."

 ताईंनी टेबलावरचा गजरा उचलला, आरशाकडे वळल्या आणि केसात माळायला लागल्या. 

"शौकतभाई, तबला कुठं आहे?"

"पांढरी चारमध्येच आहे, ताई."

"राहू दे तिथंच. दिगू, तू बटण लावून आला असशील."

मी मान हलवली.

"काढ ते. हातानं वाजव. पांढरी चार."

"ताई, मला जमणार नाही! आठ गाणी आहेत. इतकी माणसं बसलीत!"

"मीही कधी पांढरी चारमध्ये गायले नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझ्या माहितीप्रमाणे. चल."

शेवटचा सत्कार चालू होता. मी स्टेजवर जाऊन पियानोची वायर काढली आणि पुन्हा लावली. हिरवा दिवा लागला. पियानो कोरा झाला. मी तळहात पँटला पुसले.

ताई माईकपाशी आल्या. कुजबुज थांबली.

"मघाशी माझा आवाज फाटला तो तुम्ही ऐकलात," त्या म्हणाल्या. "लपवून काय उपयोग? काळी चार आता माझी राहिली नाही. आज पांढरी चारमधून गाणार आहे. जमतंय का बघू." त्या थांबल्या आणि त्यांनी माझ्याकडे हात केला. "आमच्या दिगंबर लाटकरांनाही ही पट्टी नवी आहे. चुकले तर खुशाल हसा. पण टाळ्याही वाजवा, कारण बटण न दाबता वाजवणार आहेत."

लोक हसले. कुणीतरी मागून ओरडलं, "वाजवा, लाटकर!" पाच वर्षं मी त्यांची लाज अंधारात झाकली होती असं मला वाटत होतं. त्यांनी माझी लाज दोन वाक्यांत उजेडात आणली आणि तिथंच तिच्यावर पदर घातला. मला रडू येत होतं आणि वाजवायचंही होतं.

ताईंनी मघाचंच गाणं पुन्हा धरलं. मी हात काळी चारवरून उचलला आणि खाली नेला. हलका कीबोर्ड असता तर चुकलेला स्वर पुटपुटल्यासारखा जाऊन दडला असता. जड की तसं करू देत नाही. जेवढं बोट टाकाल तेवढं ती बोलते, बरोबर असो की चूक. पहिल्याच ओळीत मी दोनदा चुकलो आणि दोन्ही चुका शेवटच्या रांगेपर्यंत गेल्या. मग मी हुशारी सोडली. डाव्या हातानं नुसता सा आणि प धरला, उजव्या हातानं जेवढं सापडेल तेवढंच वाजवलं. ताईंनी लय उतरवली. शौकतभाईंचा तबला मोकळा बोलायला लागला होता आणि ते मान डोलवत होते.

दोन अंतऱ्यांच्या मधल्या तुकड्यात मी पार अडकलो. बोटं जुन्या जागा शोधत होती आणि त्या जागा तिथं नव्हत्या. एक आवर्तन रिकामं गेलं.  तेवढ्यात ताईंनी माईकपासून तोंड न वळवता आलाप सुरू केला. तो गाण्यात कुठंच नव्हता. एकेका स्वरावर थांबत त्या सा, ग, म, प अशा हळूहळू वर जात होत्या, आणि मला कळलं, त्या मला वाट दाखवत होत्या. मी त्यांच्या मागून एकेक की दाबत गेलो. पुढच्या समेवर आम्ही तिघं एकत्र आलो.

मग तो अंतरा आला आणि वरचा सा आला. तीन पट्ट्या खालचा होता, पण भरलेला होता. त्यांनी तो घेतला, धरला, आणि धरूनच माझ्याकडे वळून पाहिलं. मी वाजवायचं विसरलो. कुणाला कळलं नाही, कारण टाळ्या सुरू झाल्या होत्या.

आठही गाणी झाली. प्रत्येकात मी चुकलो.

साडेसहाला आम्ही फाटकापाशी आलो. शौकतभाई तबल्याच्या पिशव्या घेऊन पुढं गेले होते. मी पियानोची पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून चाललो होतो आणि ताई शेजारून काही न बोलता चालत होत्या. मला वाटलं, आता सांगतील, उद्यापासून येऊ नकोस म्हणून. तसं सांगितलं असतं तर मला तोंड उघडायला जागा नव्हती.

"दिगू," त्या म्हणाल्या.

"हां, ताई."

"उद्या सकाळी घरी ये. तंबोरा लावायचाय. मी समोर बसणार आहे."

"येतो."

थोडं पुढं गेल्यावर त्या पुन्हा थांबल्या.

"आणि ते सेल घालत जा त्यात."

"जड होतो, ताई. एकट्याला उचलत नाही मग."

"होऊ दे जड," त्या म्हणाल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि पेटीची दुसरी बाजू धरली.